गुलाब बैसाणेची जर्मन

धुळ्याच्या एसटी स्टँडवर तुम्ही कधी उतरला असाल, तर गुलाब बैसाणेचा आवाज तुम्ही ऐकलेला आहे, आणि तो ऐकून तुमची गाडी चुकली असण्याचीही बरीच शक्यता आहे. बाकीचे कंट्रोलर माइक हातात आला की गाडीचं नाव, वाटेतली गावं, फलाट, खिसेकापूंपासून सावध, लहान मुलांना सांभाळा, सगळं रीतसर सांगतात. गुलाब म्हणतो, "साक्री. सहा." आणि माइक बंद. ज्याला कळलं तो पळाला, ज्याला नाही कळलं तो शेजारच्याला विचारत बसला, तोवर गाडी पांझरेच्या पुलावर.

मी धनसिंग गिरासे, गल्लीत सगळे मला नाना म्हणतात. देवपुरात माझा टेलिफोनचा बूथ आहे. एसटीडी, आयएसडी, पीसीओ, पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत. लोकांच्या बोलण्यावर माझं घर चालतं, आणि माझ्या बरोब्बर समोरच्या घरात हा माणूस राहतो. मला तर हा माझ्या धंद्याचा अपमान वाटतो. बरं, एखादा मुखदुर्बळ असतो, आपण समजून घेतो. पण हा गडी एक अख्खं वर्ष जर्मनीत राहून आलेला आहे. कशासाठी? भाषा शिकायला!

ते असं झालं. १९८६ साल. जळगावला व्यापारी आणि डॉक्टर मंडळींचा एक क्लब होता, तो दर वर्षी एका विद्यार्थ्याला परदेशात पाठवायचा आणि तिकडचा एक विद्यार्थी इकडे घ्यायचा. त्या वर्षी एका कापड दुकानदाराचा मुलगा जायचा होता. पण पोरगं तिकडे काय काय खाईल या काळजीने त्याच्या आईने इकडे खाणं सोडलं, आणि जागा रिकामी झाली. क्लबने जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांना हुशार मुलांची नावं विचारली. गुलाब अकरावी सायन्सला होता, मार्क चांगले होते, वर्गात कधी गडबड केलेली नव्हती. प्राध्यापकांनी त्याचं नाव दिलं. गडबड न करणं हा या मुलाचा गुण आहे असं त्यांना वाटत होतं.

जळगावला मुलाखत झाली. "तुला का जायचंय?" असं विचारल्यावर गुलाब म्हणाला, "तुम्ही बोलावलं." मंडळींना त्यात विनय दिसला. "भाषा किती येतात?" तर तो म्हणाला, "घरात एक, शाळेत एक, बाजारात एक." म्हणजे खान्देशी, मराठी आणि हिंदी. मंडळी एकदम खूष. ज्याला तीन येतात त्याला चौथी यायला काय वेळ लागतो? यातली प्रत्येक भाषा हा मुलगा दिवसाकाठी किती बोलतो, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

त्याचे वडील भिका बैसाणे, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. इंजिनाच्या आवाजात उभं आयुष्य काढलेलं, त्यामुळे घरात शांतता त्यांना आवडायची. आबांना एकच नाद होता. कुणी म्हणेल, हा काय नाद झाला? पण माझ्या मते नादच. ते दारवर जायचे. आमच्याकडे मयत झालेल्या घरी सांत्वनाला जाण्याला दारवर जाणं म्हणतात. जातात सगळेच, जावंच लागतं. आबा मात्र ओळखीचं असो नसो, विहारात किंवा वर्कशॉपात कुणाचं काही कानावर आलं की ड्युटी सुटल्यावर हातपाय धुऊन, स्वच्छ टोपी घालून निघायचे. लहानपणी गुलाबला सोबत न्यायचे. दुसऱ्यांची पोरं बापाचा हात धरून टुरिंग टॉकीजला जायची, हे पोरगं लोकांच्या दारवर.

आबांचे नियम ठरलेले होते. दाराजवळ बसायचं, पुढे पुढे करायचं नाही. कसं झालं, काय झालं, कोणता डॉक्टर होता, असलं काही विचारायचं नाही. घरातलं कुणी बोललं तर ऐकायचं, नाही बोललं तर बसून राहायचं. चहा घ्यायचा नाही. आणि उठताना 'येतो' म्हणायचं नाही. हे तर आपल्याकडे सगळेच पाळतात. तसल्या दारी परत यायची वेळ कुणावर येऊ नये. नुसतं उठायचं, हात जोडायचे आणि निघायचं. गुलाबचं खरं शिक्षण झालं ते हे. बसण्यात तो आठवी-नववीतच पदवीधर झाला होता.

जायच्या दिवशी धुळ्याच्या स्टँडवर अख्खं वर्कशॉप लोटलं होतं. हार, पेढे, मुंबई गाडीच्या टपावर बॅग. द्रौपदाबाईंनी, म्हणजे गुलाबच्या आईने, मिरचीच्या ठेच्याची बरणी फडक्यात गुंडाळून दिली. मला तेव्हा वाटलं, आता आबा दोन मोठे शब्द बोलतील. देशाचं नाव काढ वगैरे. आबा खिडकीशी गेले आणि म्हणाले, "तठे कोनाकडे वाईटवकटं व्हयनं त जाई बसजो." म्हणजे, तिकडे कुणाकडे काही वाईट घडलं तर जाऊन बस. एवढं बोलून बाजूला झाले. परदेशी निघालेल्या मुलाला हा निरोप! मी कपाळाला हात लावला.

पुढचं जे सांगणार आहे ते मी गुलाबकडून काढून घेतलं आहे. एका बैठकीत नाही. एखाद्या संध्याकाळी बूथवर गिऱ्हाईक नसलं की तो समोरून येऊन बाकावर बसायचा, मी एक प्रश्न टाकायचो, तो एक वाक्य द्यायचा. अशी वाक्यं जमवत जमवत मला वर्षं लागली.

जर्मनीत ब्रेमेन नावाचं मोठं शहर आहे, त्याच्या जवळच्या एका छोट्या गावात त्याला ठेवलं होतं. घर एका दातांच्या डॉक्टरांचं. माणसं भली. त्याला वेगळी खोली, सायकल, शाळेत जायला जाड कोट. जेवायला बटाटे. ठेचा पहिल्याच महिन्यात संपला. यजमानीणबाई त्याच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायच्या, कारण त्यांना वाटायचं याला ऐकू कमी येतं. गुलाबला सगळं ऐकू यायचं, हळूहळू कळायलाही लागलं होतं. पण समोरच्याने विचारलं की तो मान हलवायचा. मान हलवून होण्यासारखं काम असेल तर तोंड कशाला उघडायचं, हा त्याचा धुळ्यातलाच हिशोब. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. वर्गातली मुलं आधी कुतूहलाने भोवती जमायची, मग जमायची बंद झाली. ब्राझीलचा एक मुलगा त्याच्याच वर्गात होता. तो चुकीचंमाकीचं पण अखंड बोलायचा, आणि सगळ्यांचा लाडका झाला होता. तो मुलगा मला न बघताच आवडला.

नोव्हेंबरात तिकडच्या क्लबचे एक गृहस्थ घरी आले. परदेशी मुलांवर देखरेख ठेवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी गुलाबला समोर बसवून सोपे सोपे प्रश्न विचारले. गुलाबने मान हलवली. गृहस्थांनी डॉक्टरांकडे बघितलं, डॉक्टरांनी बायकोकडे. मग त्यांनी इंग्रजीत, अगदी प्रेमाने सांगितलं: मुला, तू इथे रमलेला दिसत नाहीस. नाताळापर्यंत बघू. तोवर बोलायला लागलास तर उत्तमच, नाहीतर तुला घरी पाठवतो, त्यात कमीपणा काही नाही.

कमीपणा काही नाही! त्या भल्या माणसाला धुळ्याचा स्टँड ठाऊक नव्हता. गुलाबला तो चांगला ठाऊक होता. ज्या वर्कशॉपने हार घातले, तेच वर्कशॉप स्टँडवर त्याला उतरताना बघणार. आबा कुणाला काही म्हणणार नाहीत. ते टोपी घालून कामाला जातील, आणि दिवसभर लोक त्यांना विचारतील, पोरगं लवकर कसं आलं हो? गुलाब मला म्हणाला होता, "आबा खोटं बोलू शकत नव्हते, नाना. त्यांना सांगावं लागलं असतं." त्याने एका दमात बोललेलं हे त्या काळातलं सर्वात लांब भाषण.

मग त्याने रोज आरशासमोर उभं राहून वाक्यं म्हणून बघितली. आरशासमोर यायची. माणूस समोर आला की जायची.

अशातच एके दिवशी नाश्त्याच्या टेबलावर पडलेल्या स्थानिक पेपरात त्याला काळ्या चौकटीतली एक जाहिरात दिसली. वर क्रूस, एक नाव, दोन तारखा, मधे दोन-चार ओळी आणि खाली पत्ता. असल्या चौकटी आपल्या पेपरातही येतात, त्या ओळखायला भाषा लागत नाही. पत्ता शाळेच्या वाटेवरचा होता. आता गुलाबचं डोकं कसं चाललं बघा. तिथल्या सगळ्या माणसांना बघून भांबावलेला हा पोरगा, ती चौकट बघून त्याला हायसं वाटलं! त्या देशात त्याला नीट येणारी एकच गोष्ट समोर आली होती. शाळा सुटल्यावर त्याने हातपाय धुतले, स्वच्छ शर्ट घातला आणि तो दारवर गेला.

दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. ओल्टमान त्यांचं नाव. गेले ते त्यांचे नवरे. समोर एक सावळा परका मुलगा, थंडीत कोटाची बटणं उघडी, हात जोडलेले, मान खाली. त्यांनी काहीतरी विचारलं. गुलाबने मान हलवली. त्यांना वाटलं, नवऱ्याच्या ओळखीचा असेल. त्यांनी आत घेतलं. गुलाबने उंबऱ्याशी बूट काढले आणि सतरंजी शोधली. सतरंजी नव्हती. बाहेर माणसं बसलेली नव्हती, आत बायका नव्हत्या, कुणाचा आवाज नव्हता. घर नुसतं भिंतीवरच्या घड्याळासारखं टिकटिक करत होतं. तो दाराजवळच्या खुर्चीवर बसला.

बाईंनी कॉफी आणली. त्याने हात जोडून नको म्हटलं. बाई समोर बसल्या. काही वेळ वाट बघितली की हा आता बोलेल, कशासाठी आलाय ते सांगेल. गुलाब कशाला बोलतोय! तो आबांसारखा बसून राहिला, जमिनीकडे बघत. आणि मग, तो म्हणतो, बाई बोलायला लागल्या. आधी थांबून थांबून. मग सलग. मग रडायला लागल्या, मग परत बोलायला लागल्या. अंधार पडायला आला तसा गुलाब उठला. 'पुन्हा भेटू' अशा अर्थाचा तिकडचा निरोपाचा शब्द त्याला पाठ होता, आणि पाठ होता म्हणूनच त्याने तो उच्चारला नाही. हात जोडले आणि निघाला.

बैसाण्यांकडे, बौद्ध घरांत, मग काही दिवसांनी पुण्यानुमोदनाच्या विधीला जायचं असतं. तिकडे तसं काही दिसेना, तेव्हा गुलाबने अंदाजाने दिवस धरला आणि पुन्हा गेला. पुन्हा घरात कुणी नाही. मुलगा दूर म्युनिकला, तो अंत्यविधी करून गेलेला. मुलगी आणखी दूर. गुलाबला हे पटेना. घरात मयत झालंय आणि दारवर कुणी नाही? मग इतरांच्या वाटचं बसणं त्यानेच अंगावर घेतलं. दर आठवड्याला जायला लागला. मग आठवड्यातून दोनदा.

बाई बोलायच्या. नवऱ्याचं दुखणं, दवाखाना, परसातले कांद्याचे वाफे, घेवड्याचे मांडव, पेन्शन, न फोन करणारी सून. त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगायच्या, दुःखात माणूस सांगतोच. शाळेतल्या मास्तरने एकच धडा इतक्या वेळा, इतक्या जीव तोडून कधी शिकवला असता? तिसऱ्या-चौथ्या खेपेला बाई एका ठिकाणी अडल्या, कुठल्याशा वर्षी घेवडा गारपिटीने गेला ते साल त्यांना आठवेना. आणि गुलाब पटकन बोलून गेला. साल सांगितलं. पूर्ण वाक्यात. बाई म्हणाल्या, बरोबर, आणि पुढे बोलायला लागल्या. तोंड उघडलं म्हणून टाळ्या नाहीत की कौतुक नाही. गुलाब म्हणतो, तेच बरं झालं.

नाताळाआधी ते गृहस्थ ठरल्याप्रमाणे परीक्षा घ्यायला आले. त्यांनी विचारलं, काय, कसं चाललंय? गुलाबने एक मोठा सुस्कारा टाकला, गुडघ्यावर हात ठेवले आणि सांगायला सुरुवात केली. चालायचंच, म्हणाला. थंडी हाडांत शिरते. कांदा यंदा बरा होता, पण घेवड्यात दम नव्हता. डॉक्टर लोकांना कळत काही नाही, गोळ्या तेवढ्या देतात. (हे दातांच्या डॉक्टरांच्याच घरात!) आणि आजकालची मुलं साधा फोन करत नाहीत. हे सगळं अस्सल तिथल्या गावठी हेलात, मधे मधे थांबून, मान हलवत. यजमानीणबाई हसता हसता खुर्चीवरून घसरल्या. गृहस्थांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हा बोलतो, पण माझ्या आजीसारखा." गुलाबचं परत जाणं रद्द झालं.

तेव्हाच सगळी भानगड उघडकीस आली. हा शिकला कुठे याचा शोध लागला, ती जुनी जाहिरात निघाली, आणि डॉक्टरांनी त्याला तिच्यातल्या मधल्या ओळी वाचून दाखवल्या. तिथे स्वच्छ छापलेलं होतं की घरी भेटीला येण्याची तसदी कृपया कुणी घेऊ नये. गुलाबला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तसाच सायकल मारत गेला आणि बाईंच्या दारात उभा राहून माफी मागितली.

बाई म्हणाल्या, "ते मीच छापायला दिलं होतं. आणि सगळ्यांनी ऐकलं."

एवढं मला सांगून गुलाब त्या संध्याकाळी बाकावरून उठून गेला होता.

सत्याऐंशीच्या पावसाळ्यात तो परत आला. क्लबने सत्कार ठेवला. पाहुणे म्हणाले, आता चिरंजीव आपल्याला जर्मनमधून दोन शब्द ऐकवतील. चिरंजीव उठले, "आभारी आहे," असं मराठीत म्हणाले आणि बसले. झालं! गावाने जे समजायचं ते समजून घेतलं. ज्याला जर्मन येते तो सभेत बोलणार नाही का? कुणी म्हणालं, पोरगं वर्षभर मुंबईत हॉटेलात भांडी घासत होतं. शकील कंडक्टर त्याचा शाळेपासूनचा दोस्त, तो तर तोंडावर विचारायचा, "खरं सांग गुलाब, तू जर्मनीला गेला होता की जर्मनची पातेली विकायला?" (ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आमच्याकडे जर्मन म्हणतात.) पुढे गुलाब एसटीत लागला, कंट्रोलर झाला, तेव्हा शकीलने माइकजवळ उभं राहून जाहीर मागणी केली, की निदान नवापूर गाडी तरी जर्मनमधून पुकार. गुलाब म्हणाला, "नवापूर. चार."

आबांनाही ऐकावंसं वाटायचं. ते कधी हट्ट करणाऱ्यातले नव्हते, पण जेवताना एखाद्या वेळी म्हणायचे, "एकदाव बोली दाखाड ना रे, भाऊ. कसं लागस ते ऐकू."

गुलाब म्हणायचा, "कोनासंगे बोलू, आबा? समजनारं कोनी नही आठे."

"हाऊ, ते बी खरं शे," आबा म्हणायचे आणि हसून पुढचा घास घ्यायचे. मला राग यायचा. अरे बापाला ऐकायचंय ना, मग भिंतीशी बोल! पण बैसाणे घराण्यात असल्या गोष्टींना घाई नसते.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात आबा गेले. दुपारी वर्कशॉपातून आले, पाणी मागितलं आणि गेले. काय माणसं आली म्हणून सांगू! ज्यांच्या ज्यांच्या दारवर आबा बसले होते, ते सगळे आले. साक्रीकडून जीप भरून आले, चाळीसगावहून आले. माझ्या बूथसमोरचा रस्ता बंद झाला. गुलाब सतरंजीच्या टोकाला बसून होता. डोळे कोरडे. येणाऱ्याला हात जोडायचा, जाणाऱ्याला हात जोडायचा. एक शब्द नाही. शकील येऊन त्याच्या गळ्यात पडून रडला, तर यानेच त्याची पाठ थोपटली. पुण्यानुमोदन झालं, नातेवाईक पांगले, सतरंजी उचलली गेली, तरी तो तसाच. द्रौपदाबाई मला बोलावून म्हणाल्या, "नाना, मना पोऱ्या अजून रडना नही. मझारच कोंडी राहिना शे. तुमी तरी बोलाडा त्याले." पोरगा आतल्या आत कोंडतोय म्हणे, म्हणून मी गेलो, बोललो. मी काय, तासभर बोलू शकतो. तो ऐकत बसला, आणि मी दमून परत आलो. मला त्या दिवसांत त्याची खरीच भीती वाटायला लागली होती.

एक गोष्ट मात्र त्याने केली होती. माझ्याकडून एक कार्ड मागून घेतलं, त्यावर पेनाने काळी चौकट काढली, आत आबांचं नाव, दोन तारखा आणि खाली पत्ता. पत्त्यात माझ्या बूथचा नंबर, गल्लीत सगळे तोच देतात. एवढं लिहून कार्ड जर्मनीला टाकलं. भेटीला येऊ नये, ही ओळ त्यात नव्हती.

नंतर एका दुपारी बूथचा फोन वाजला. शकील ड्युटी संपवून माझ्या बाकावर ताक पीत बसला होता. मी उचलला. खूप लांबून एका बाईचा आवाज आला, "गुलाब बैसाणे," इतकाच, तोही वेडावाकडा. मी ओरडलो, "होल्ड ऑन, मॅडम!" आणि उन्हात अनवाणीच समोर धावलो.

गुलाब आला. केबिनमध्ये गेला, रिसीव्हर कानाला लावला, म्हणाला, "हॅलो." आणि मग काहीच नाही. केबिनचं दार नीट लागत नाही, मी ते मुद्दामच दुरुस्त केलेलं नाही, त्यामुळे आतलं मला सगळं ऐकू येतं. पण ऐकू यायला काही होतंच कुठे? गुलाब स्टुलावर बसला, रिसीव्हर कानाला, नजर जमिनीकडे. मला वाटलं लाइन कटली. मी काचेवर टकटक केली, खुणेने विचारलं, गेला का फोन? त्याने हात वर करून थांबवलं. शकील कुजबुजला, "नाना, कोणी बोलेना वाटतं. ठेवायला सांगा." आयएसडीवर माणसं श्वास घ्यायलासुद्धा घाबरतात हो, आणि ही बाई तिकडून फोन लावून गप्प! माझ्या उभ्या धंद्यात असा कॉल मी बघितला नव्हता.

आणि मग गुलाब बोलायला लागला.

आधी एक शब्द, मग थांबला. मग दोन-चार. मग असं काही सुटलं की बस. जर्मन. अस्खलित, सलग, हेल काढून. मधे मधे आमच्या ओळखीचं काही यायचं, भिका, वर्कशॉप, साक्री, पाणी, आणि पुन्हा ते सगळं त्या भाषेत मिसळून जायचं. मग त्याचा आवाज फुटला. खांदे हलायला लागले, तो रडत होता आणि रडताना बोलत होता. शकीलच्या हातातला ताकाचा ग्लास तसाच राहिला. मी मागे बघितलं तर द्रौपदाबाई रस्ता ओलांडून येऊन बूथच्या दारात उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून. त्यांना त्यातलं एक अक्षर समजत नव्हतं, आणि सगळं समजत होतं.

"बोलना," त्या म्हणाल्या. "बठ्ठं बोलना मना पोऱ्या. त्यासनी ऐकाले जोयजे व्हतं." पोरगा सगळं बोलला, ऐकायला आबा हवे होते.

बऱ्याच वेळाने केबिनमध्ये पुन्हा शांतता झाली. गुलाब तसाच कानाला रिसीव्हर लावून बसला होता. मग तिकडून फोन ठेवल्याचा आवाज झाला. त्यानेही ठेवला, रुमालाने तोंड पुसलं आणि बाहेर आला. शकीलने काही न बोलता त्याला बाकावर जागा करून दिली.

मला मात्र राहवेना. मी विचारलं, "काय म्हणाल्या रे बाई?"

"काही नाही."

"काही नाही कसं? इतका वेळ फोन धरला, इतक्या लांबून, आणि एक शब्द बोलल्या नाहीत? ठेवताना निरोपाचं तरी काही?"

गुलाबने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. डोळे लाल होते, पण चेहरा मला कितीतरी दिवसांनी ओळखीचा वाटला.

"नाना," तो म्हणाला, "दारवरून उठताना कोणी 'येतो' म्हणतं का?"

मी गप्प बसलो. मला ते सहसा जमत नाही, पण त्या दुपारी जमलं.